छातीचा अभ्यास तुकड्यांत होत नाही

दम लागतो म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाला तो दम हृदयामुळे आहे की फुफ्फुसांमुळे, हे ठाऊक नसतं. त्याला एवढंच सांगता येतं, की मागच्या महिन्यापर्यंत दोन जिने न थांबता चढत होतो, आता पहिल्याच जिन्यावर कठडा धरून उभं राहावं लागतं. वैद्यकाची पुस्तकं मात्र इथून सुरू होत नाहीत. त्यांत हृदयाचं प्रकरण वेगळं आणि फुफ्फुसांचं वेगळं असतं, आणि परीक्षाही बहुतेक याच वाटणीवर उभ्या असतात. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट (पीए) म्हणून काम करायचं तर एक राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. हे लोक डॉक्टरांच्या पथकात राहून रोगी तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, शस्त्रक्रियेत मदत करतात. त्या परीक्षेतल्या ३०० प्रश्नांची विभागणी शरीरसंस्थांनुसार ठरलेली आहे. सर्वांत मोठा वाटा हृदय आणि रक्तवाहिन्यांचा, त्याखालोखाल फुफ्फुसांचा. दोन्ही मिळून जवळपास पाचवा हिस्सा. हे महत्त्व रास्तच आहे. पण परीक्षेच्या तक्त्यात दोन रकाने आहेत म्हणून प्रशिक्षणातही दोन रकाने असावेत, असं समजणं घातक आहे. रोग्यांसोबत घालवायचं जे वर्ष पीएच्या अभ्यासक्रमात असतं, त्याचं खरं काम ही वाटणी मोडण्याचं आहे. आणि मुळात वेळ कमी असल्यामुळे ते काम अधिकच निकडीचं होतं.

हा व्यवसाय सुरू झाला तोच एका हृदयतज्ज्ञाच्या पुढाकाराने. १९६५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेल्या चार तरुणांना घेऊन पहिला वर्ग भरवला. त्यातले तिघं १९६७ मध्ये पदवीधर झाले. डॉक्टरांचा तुटवडा होता, आणि सैन्यातून परतलेल्या या अनुभवी माणसांना नागरी रुग्णालयांत जागा नव्हती. स्टेड यांचं स्वतःचं संशोधन हृदय निकामी होण्यावर होतं. १९४४ मध्ये त्यांनी आणि जेम्स वॉरन यांनी एक मांडणी केली होती: दीर्घकाळ दुबळं झालेलं हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही, म्हणून मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, शिरांमधला दाब चढतो आणि मग अंगावर सूज दिसू लागते. एका अवयवाचं दुखणं दुसऱ्या अवयवाच्या कारभारातून समजून घेण्याची ही रीत होती, आणि माझ्या मते या व्यवसायाला मिळालेला तोच सर्वांत मोलाचा वारसा आहे.

आज अमेरिकेतला हा अभ्यासक्रम साधारण २७ महिन्यांचा असतो. पहिल्या वर्षात शरीररचना, औषधशास्त्र, रोगांची ओळख. नंतरचं वर्षभर रुग्णालयांत आणि दवाखान्यांत रोटेशन, म्हणजे विभागाविभागांतून फिरत शिकणं. कौटुंबिक वैद्यक, मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्री-आरोग्य, मानसिक आरोग्य आणि इमर्जन्सी हे अनुभव सर्वांना सक्तीचे. या यादीत कार्डिऑलॉजी नाही आणि पल्मनॉलॉजीही नाही. ज्यांना हवं ते ऐच्छिक म्हणून घेतात. मृत्यूच्या कारणांत हृदयविकार अग्रभागी असलेल्या देशात हृदयाचं रोटेशन सक्तीचं नसावं, हे वाचणाऱ्याला खटकेल. पण हृदय-फुफ्फुसांचे रोगी या सातही ठिकाणी भेटतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी अचानक धाप लागलेला माणूस, गरोदरपणी जिना चढता न येणारी बाई, छातीत धडधड होते म्हणून मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात आलेला मुलगा, दूध पिताना घामाने भिजणारं तान्हं बाळ, हे सगळे छातीचेच धडे आहेत. कार्डिऑलॉजी विभागात जो रोगी पोचतो त्याची निवड आधीच कुणीतरी केलेली असते, तो हृदयाचा असं ठरवून त्याला तिथे पाठवलेलं असतं. ते ठरवायचं कसं, हे शिकायचं तर त्याच्या आधीच्या दारात उभं राहावं लागतं.

हृदय आणि फुफ्फुसं एकत्र शिकावीत याचं मूळ कारण शरीराच्या रचनेतच आहे. विश्रांतीच्या वेळी हृदयाची उजवी बाजू मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फुफ्फुसांतून फिरवते, आणि तेवढंच रक्त डावी बाजू सगळ्या शरीराला पुरवते. फुफ्फुसांतला रक्तदाब मात्र हाताला पट्टा बांधून मोजतो त्या दाबाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळे डावी बाजू थोडीशी जरी मागे पडली तरी मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब या नाजूक जाळ्यावर येतो आणि पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपू लागतं. दुखणं हृदयाचं, पण श्वास फुफ्फुसांत अडतो. उलटही होतं. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट किंवा चुलीचा धूर घेतलेली फुफ्फुसं लवचिकपणा हरवून विरळ होतात, त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते आणि पाय सुजतात. औषधंही ही सीमा पाळत नाहीत. रक्तदाबासाठी आणि दुबळ्या हृदयासाठी देतात त्या एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. गोळी कुठली चालू आहे हे कुणी विचारलं नाही, तर त्या खोकल्यासाठी सिरप, एक्स-रे आणि अँटिबायोटिक यांची रांग लागते. हृदयाच्या ठोक्यांची लय सांभाळणारं अमिओडॅरोन काही रोग्यांच्या फुफ्फुसांना कायमची इजा करतं. दम्याच्या पंपाने नाडी वेगावते. धुराने होणारा हा फुफ्फुसांचा आजार, म्हणजे सीओपीडी, बळावतो तेव्हा दिलेली स्टेरॉइड्स शरीरात पाणी धरतात आणि आधीच अशक्त असलेल्या हृदयावर ओझं टाकतात. हे परस्परसंबंध दोन वेगळ्या महिन्यांत, दोन वेगळ्या विभागांत शिकवले तर त्यांच्यामधला दुवा शिकवायचं काम कुणाकडेच राहत नाही.

ऑक्सिजनचंच घ्या. धाप लागलेल्याला ऑक्सिजन द्यावा, यात शिकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णवाहिकेत घेतलेल्या ४०५ रोग्यांपैकी काहींना नेहमीप्रमाणे भरपूर ऑक्सिजन दिला, तर काहींना रक्तातलं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील एवढाच. भरपूर ऑक्सिजन मिळालेल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के. ज्यांना सीओपीडी असल्याचं पक्कं होतं त्यांच्यात हा फरक आणखी ठळक होता. हृदयविकाराच्या झटक्याबाबत स्वीडनमध्ये ६,६२९ रोग्यांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा होता त्यांना वरून आणखी देऊन वर्षभरातल्या मृत्यूंत काही फरक पडला नाही. म्हणजे नळी लावण्याआधी समोरच्या माणसाच्या छातीत काय चाललं आहे याचा अंदाज असणं भाग आहे, आणि तो अंदाज हृदय आणि फुफ्फुसं दोन्ही एकदम डोळ्यांपुढे असल्याशिवाय बांधता येत नाही.

हा अंदाज शिकायचा कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सत्तरीचा एक गृहस्थ मेडिसिनच्या वॉर्डात आला आहे, धाप आहे, पायांवर सूज आहे, छातीत घरघर आहे. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेली, दहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. शिकणाऱ्या विद्यार्थिनीने प्रथम विचारायचं, रात्री किती उशा लागतात, आणि झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून बसावं लागतं का. असं उठावं लागत असेल तर पारडं हृदयाकडे झुकतं. मग खाट डोक्याकडून पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलायची, मान किंचित डावीकडे वळवायची, उजेड तिरपा घ्यायचा आणि उजव्या बाजूला मानेतल्या खोल शिरेचं स्पंदन शोधायचं. हे स्पंदन दिसतं, पण बोटाला लागत नाही. छातीच्या मधल्या हाडावर जो उंचवटा असतो तिथून ते तीन-चार सेंटिमीटरपेक्षा वर दिसत असेल तर शिरांमधला दाब वाढलेला आहे. त्यानंतर पाठीला स्टेथोस्कोप. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळावी तसा बारीक आवाज दोन्ही बाजूंना तळाशी येत असेल तर तो बहुधा पाण्याचा. घरघर मात्र फसवी. ती दम्याची, सीओपीडीची असते तशी पाण्याने सुजलेल्या श्वासनलिकांचीही असू शकते, त्यामुळे नुसत्या घरघरीवरून हृदयाला निर्दोष ठरवता येत नाही. शेवटी हृदयाचा तिसरा ठोका. तो ऐकू आला तर हृदय निकामी होत असल्याचा भरवशाचा पुरावा मिळतो, पण फार थोड्या रोग्यांत ऐकू येतो. नाही आला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. यातली एकेक खूण पुस्तकात वाचता येते. त्यांचं वजन एकमेकींशी जोखणं मात्र रोग्याच्या खाटेशीच शिकता येतं.

इथे पहिला आक्षेप येतो, की हे सगळं आता यंत्रं करतात. आक्षेप बिनबुडाचा नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या १,५८६ रोग्यांच्या अभ्यासात बीएनपी या रक्तचाचणीने धाप हृदयाची आहे की नाही हे सुमारे ८३ टक्के वेळा बरोबर सांगितलं. हातात मावणाऱ्या सोनोग्राफी यंत्राने फुफ्फुसांतलं पाणी स्टेथोस्कोपपेक्षा अधिक खात्रीने दिसतं, आणि ते यंत्र वापरायला प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलंच पाहिजे. शिवाय १९९७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या पाहणीत तर शिकाऊ डॉक्टरांनी ध्वनिफितीवरच्या हृदयाच्या आवाजांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा बरोबर ओळखला होता. डॉक्टरांची ही गत, तर पीएच्या विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा करायची? पण यंत्राला प्रश्न विचारावा लागतो आणि मिळालेलं उत्तर वाचावं लागतं. बीएनपी उतारवयात, मूत्रपिंडं बिघडली तर, फुफ्फुसात गुठळी अडकली तरी चढतं. लठ्ठ माणसात ते फसवं कमी येतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रोग्यांत ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. २०२० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात रक्तातली अशी छुपी कमतरता कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात सुटून गेल्याचं दिसलं. राहिला तो शिकाऊ डॉक्टरांच्या कानांचा मुद्दा. त्याच प्रकारच्या पुढच्या अभ्यासांत असं आढळलं, की तोच आवाज शेकडो वेळा ऐकवला की विद्यार्थी तो बऱ्यापैकी अचूक ओळखू लागतात. कौशल्य सरावाने येत असेल तर सराव न देणं ही शिक्षणाची त्रुटी ठरते. आणि सरावालाही खात्री लागते: ऐकून मत बनवावं, ते लिहून ठेवावं, मग इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल पाहावा. पाणी काढणारं इंजेक्शन दिल्यावर चार तासांनी त्याच रोग्याच्या पाठीला पुन्हा कान लावावा, दुसऱ्या दिवशी त्याचं वजन पाहावं. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. रोगी एकदाच पाहून पुढे सरकणाऱ्या विद्यार्थ्याला आपला अंदाज चुकला होता की बरोबर होता, हे कधी कळतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला माणसाच्या जिवाची किंमत चिकटलेली आहे. अमेरिकेत हृदयतज्ज्ञ होण्यासाठी पदवीनंतर चार वर्षं वैद्यकीय महाविद्यालय, तीन वर्षं मेडिसिन आणि तीन वर्षं कार्डिऑलॉजी असा प्रवास असतो. २७ महिन्यांत तयार झालेल्या माणसाने निदान न झालेला रोगी पाहावाच का? ब्रिटनमध्ये २०२२ साली एक तरुण स्त्री पोटरी दुखते आणि दम लागतो म्हणून आठवड्याच्या अंतराने दोनदा आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. दोन्ही वेळा तिला एका फिजिशियन असोसिएटने पाहिलं; पीएला तिथे तेव्हा हे नाव होतं. तिच्या पायातली गुठळी फुफ्फुसात गेली आणि ती वारली. दोन्हीपैकी एकदा जरी तिला ताबडतोब रुग्णालयात पाठवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे कोरोनरने, नोंदवलं. पुढे प्रा. जिलियन लेंग यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने या व्यवसायाचा आढावा घेतला. जुलै २०२५ मध्ये त्याचा अहवाल आला. या लोकांना असिस्टंट म्हणावं, आणि ठरवून दिलेल्या मर्यादा सोडता निदान न झालेले रोगी त्यांनी पाहू नयेत, अशी त्याची शिफारस होती.

या अहवालातली सावधगिरी मला पटते. डॉक्टर कोण आणि सहायक कोण हे रोग्याला स्पष्ट कळलंच पाहिजे, आणि देखरेख नुसती कागदावर असून भागत नाही. पण त्यातून असा निष्कर्ष काढला, की धापेचं निदान सहायकाला शिकवण्याची गरजच नाही, तर ती मोठी चूक होईल. पाय मोडला म्हणून दाखल झालेल्या रोग्याचं निदान झालेलंच असतं. रात्री दोन वाजता त्याला धाप लागते तेव्हा तो पुन्हा निदान न झालेला रोगी होतो, आणि त्या वेळी वॉर्डात जो कुणी असेल त्यालाच पहिलं पाऊल उचलावं लागतं. त्या तरुणीच्या बाबतीत पोटरी आणि श्वास या दोन तक्रारी एका धाग्यात ओवल्या गेल्या नाहीत. गुठळी पायात तयार होते, अडकते फुफ्फुसात आणि प्राण घेते ते हृदयाची उजवी बाजू कोलमडवून. पाठीला कान लावला तर श्वास बहुतेक वेळा स्वच्छ ऐकू येतो. छाती स्वच्छ, नाडी जलद आणि तरी दम, हे त्रिकूट दिसलं की दोन्ही पोटऱ्या उघड्या करून पाहाव्यात, घेर मोजावा आणि ताबडतोब वरिष्ठांना बोलवावं. एवढं शिकवायला दहा वर्षं लागत नाहीत, पण हृदय, फुफ्फुस आणि पाय एकत्र शिकवावे लागतात. कमी काळाच्या प्रशिक्षणाला दुर्मीळ आजारांची लांब यादी झेपणार नाही, हे मान्यच आहे. धापेमागची पाच-सहा जीवघेणी कारणं कुठली, ती एकेक करून कशी वगळायची आणि आपण कुठे थांबून कुणाला हाक मारायची, एवढं मात्र त्यात पक्कं व्हायलाच हवं. थांबायची जागा ओळखायलाही ज्ञान लागतं.

तिसरा आक्षेप भारताशी थेट जोडलेला आहे. पुढे एकाच विभागात काम करायचं असेल तर सगळीकडे फिरवण्यात वेळ का घालवायचा? अमेरिकेतही बहुसंख्य पीए आज प्राथमिक आरोग्यसेवेबाहेर, कुठल्या ना कुठल्या विशेष शाखेत काम करतात. भारतात तर सुरुवातच तिथून झाली. १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी हा अभ्यासक्रम आणला तो हृदयशस्त्रक्रियेच्या विभागाला प्रशिक्षित हात मिळावेत म्हणून. त्या गरजेला तो उत्तम पुरा पडला. पण अमेरिकेत शाखा बदलायची मुभा आहे ती सर्वांगीण पायामुळे, आणि रोग्याचं शरीरही एका शाखेपुरतं आजारी पडत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने भारतात फिजिशियन असोसिएट किंवा असिस्टंट या व्यवसायाला मान्यता दिली आहे, तेव्हा त्यांचं शिक्षण कसं असावं हा प्रश्न आता महाराष्ट्रापुढेही आहे.

आपल्याकडे छातीचे दोन विषय वेगळे ठेवण्याची किंमत अधिक मोठी आहे. सांधेदुखीच्या तापानंतर हृदयाची झडप आकसणं, म्हणजे मायट्रल स्टेनोसिस, हा अमेरिकेत विरळा झालेला आजार भारतात अजून भेटतो, आणि तो तरुण बायकांत जास्त. दम लागतो, खोकला येतो, कधी थुंकीतून रक्त पडतं. क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या देशात अशा बाईची थुंकी तपासायला पाठवणं बरोबरच आहे. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षयाची किंवा दम्याची औषधं चालू राहतात, आणि झडपेकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग ती गरोदर राहते. रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, नाडी जलद होते, अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळ पुरत नाही, आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. या झडपेचा आवाज मंद, खर्जातला असतो. बाईला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून थांबायला सांगून, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर अगदी हलकी टेकवली तरच तो ऐकू येतो. जोरात दाबली तर नाहीसा होतो. हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला हीच झडप उघडी दिसते, पण तोवर निदान होऊन वर्षं गेलेली असतात. म्हणून इथल्या इंटर्नशिपचे काही महिने क्षयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात, मेडिसिनच्या वॉर्डात आणि गरोदर स्त्रियांच्या तपासणीत घालवणं अनिवार्य असावं, आणि विद्यार्थ्याच्या नोंदवहीत धापेच्या प्रत्येक रोग्यापुढे तीन नोंदी असाव्यात: इको किंवा एक्स-रे पाहण्याआधी त्याने स्वतः काय ठरवलं, तपासणीत काय निघालं, आणि दोन दिवसांनी त्याच रोग्याला पुन्हा तपासल्यावर त्याला काय आढळलं.